पौषातला बुधवार गाठा: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांवर दोन दिवस निवांत घालवण्याची सविस्तर तयारी

ठाणे, नवी मुंबईत राहणाऱ्याला गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबायचं असेल तर हिमालय गाठायची गरज नाही. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं आहेत. तिन्हीकडे जमिनीतून आपसूक गरम पाणी येतं, आणि ठाण्याहून रस्ता मोकळा मिळाला तर दीड तासात माणूस तिथे पोहोचतो. तरी या जागेचं नाव काढलं की निम्मे लोक नाक मुरडतात. ‘अरे बापरे, रविवारी गेलो होतो, कुंडात पाय ठेवायला जागा नव्हती!’ खरं आहे. रविवारी नसतेच.

इथला एकांत तारखेवर ठरतो. तेच कुंड रविवारी सकाळी अकराला जत्रेसारखं भरलेलं असतं आणि बुधवारी पहाटे साडेपाचला तिथे दोन-चार म्हातारबाबा सोडले तर कोणी नसतं. म्हणून रिसॉर्टचे फोटो बघण्याआधी दिनदर्शिका उघडा.

तारीख कशी काढायची

हिवाळा हवा, हे उघड आहे. बाहेर गारठा असल्याशिवाय गरम पाण्याची मजा नाही. ठाण्यात थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवणं, पण भिवंडी-वाड्याच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतली पहाट चांगली झोंबते. मे महिन्यात हौस म्हणून कुंडात उतरणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

आता वार बघा. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, वज्रेश्वरीला गर्दी. गुरुवार गुरूचा, म्हणून गणेशपुरीला नित्यानंद बाबांच्या समाधीवर रांग. सोमवार शंकराचा, आणि गणेशपुरीची कुंडं नेमकी भीमेश्वराच्या देवळाला लागून आहेत. शनिवार-रविवार तर सगळ्यांचेच. उरला बुधवार. दोन रजा मिळत असतील तर मंगळवारी दुपारनंतर पोहोचा आणि गुरुवारी सकाळी लवकर निघा, म्हणजे मधला अख्खा बुधवार तुमचा. सणावारांत नवरात्र, महाशिवरात्र, गुरुपौर्णिमा, चैत्र अमावास्येच्या सुमाराची वज्रेश्वरीची यात्रा आणि बाबांच्या पुण्यतिथीचे दिवस टाळा. नित्यानंद बाबांनी 8 ऑगस्ट 1961 रोजी गणेशपुरीत देह ठेवला, त्यामुळे ऑगस्टमध्येही गर्दीचे दिवस येतात. भक्तिभावाने जाणाऱ्यांनी याच दिवसांत जावं. आपण इथे आरामाबद्दल बोलतोय.

तिसरी चाळणी कोणी सांगत नाही, ती लग्नाच्या मुहूर्तांची. या भागातल्या बऱ्याच रिसॉर्टना लॉन आहे. लॉन आलं की लग्न आलं आणि लग्नाच्या आदल्या रात्री हळद. ठाणे जिल्ह्यातली हळद म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. डीजेच्या भिंतींपुढे कसला एकांत! तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांचा सपाटा सुरू होतो, पण मध्ये पौष येतो आणि पौषात बहुतेक घरं लग्न काढत नाहीत. पौष साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी असा येतो. म्हणजे थंडीही ऐन भरात आणि लॉनही रिकामं. एकतीस डिसेंबरची पार्टीवाली मंडळी पांगली की त्यानंतरचा पौषातला कुठलाही बुधवार घ्या. यापेक्षा चांगला दिवस मला अजून सापडलेला नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. तानसाचं पात्र फुगतं आणि काठावरची, पात्रातली कुंडं पाण्याखाली जातात. वर तानसा धरण आहे, मुंबईला पाणी पुरवणारं, 1892 सालापासूनचं. ते भरून वाहायला लागलं की खालची नदी बघता बघता चढते. हिरवळ बघायला जायचं तर खुशाल जा, नदीत मात्र उतरू नका.

जागा पक्की करण्याआधी फोनवर काय विचारायचं

इथे राहण्याचे तीन प्रकार आहेत. देवस्थानांच्या आणि आश्रमांच्या आसपासच्या साध्या खोल्या, गावातली लॉज, आणि गावापासून जरा लांब, शेतात किंवा नदीकडेला असलेली रिसॉर्ट. एकांत हवा असेल तर तिसरा प्रकार, खिसा सांभाळायचा असेल तर पहिला. मधल्या लॉजबद्दल काहीच सांगता येत नाही. खोली आधी बघायची, मग पैसे काढायचे.

रिसॉर्टवाल्याला ‘गरम पाणी आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘आहे’ असंच येणार. गीझरचं पाणीही गरमच असतं. म्हणून प्रश्न नेमके टाका. पाणी झऱ्याचं किंवा बोअरचं नैसर्गिक गरम आहे की तापवलेलं? खोलीतल्या टाकीत थेट येतं की आधी वरच्या टाकीत साठवतात? टाकी प्रत्येक पाहुण्यानंतर रिकामी करून घासतात का, आणि नवी भरायला किती वेळ लागतो? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. ‘अर्धा-पाऊण तास लागतो, तुम्ही आलात की समोर भरून देऊ’ असं म्हणणारा माणूस खरोखर टाकी रिकामी करत असणार. ‘पाणी भरलेलंच असतं, कधीही बसा’ असं म्हणणाऱ्याला धन्यवाद देऊन फोन ठेवा.

त्याच फोनवर दुसरं विचारून घ्या: त्या दोन दिवसांत लॉनवर काही कार्यक्रम आहे का, कुठल्या कंपनीची किंवा शाळेची सहल यायची आहे का, आवारात वॉटर पार्क किंवा रेन डान्स आहे का. रेन डान्स असेल तर तिथे शांतता शोधायला जाण्यात अर्थ नाही. जेवण तिथेच मिळतं की सांगून ठेवावं लागतं, हेही विचारा. आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहुणे कमी असले की स्वयंपाकघर बंद ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि रात्री नऊला गावात वडापावाच्या पलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

आठवड्याच्या मध्ये भावात घासाघीस चालते. संकोच करू नका.

बायकांसाठी वेगळं सांगतो. सार्वजनिक कुंडांवर स्त्री-पुरुषांची वेगळी सोय काही ठिकाणी आहे, पण आडोसा आणि कपडे बदलायची जागा मनासारखी मिळेलच असं नाही. सासूबाईंना किंवा आईला घेऊन जात असाल तर खोलीला जोडलेली स्वतंत्र टाकी असलेली जागा घ्या. चार पैसे जास्त गेले तरी त्यांना कोणाच्या नजरेची काळजी न करता पाण्यात बसता येतं. नाहीतर त्या काठावर बसून पाय तेवढे भिजवतील आणि ‘बरं वाटलं हो’ म्हणून घरी येतील.

रस्ता

ठाण्याहून दोन वाटा आहेत. पहिली भिवंडीवरून: नदीनाका, अनगाव करत भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडी नाका गाठायचा आणि तिथून डावीकडे वज्रेश्वरी. दुसरी घोडबंदर रोडने अहमदाबाद हायवेला लागून शिरसाड फाट्यावरून उजवीकडे, पारोळ-उसगाव करत. पहिली जवळची, दुसरी देखणी. शिरसाडच्या रस्त्याला एका बाजूला तुंगारेश्वरचं जंगल सोबत करतं.

खड्डे कुठल्या वाटेवर कमी, हा ज्या त्या महिन्याचा प्रश्न. भिवंडी-वाडा रस्त्याची ख्याती आपल्याला ठाऊक आहेच आणि घोडबंदरची तर रोज अनुभवतो. निघायची वेळ मात्र ठरवता येते. भिवंडी म्हणजे गोदामांचं गाव, कंटेनरच्या रांगेत सापडलात की कुंडाच्या आधी गाडीतच घाम निघतो. सकाळी सहाच्या आत ठाणे सोडा, नाहीतर अकरानंतर. नवी मुंबईकरांनी ऐरोलीमार्गे ठाण्यात शिरण्यापेक्षा महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत नाशिक हायवेला लागलेलं बरं, पण बायपासवर अवजड गाड्यांची वेळ आधी बघून घ्या.

एसटीने जाणाऱ्यांनी भिवंडी किंवा वसई-विरार बाजूने यावं. अंबाडी नाक्यावरून पुढे शेअर रिक्षा मिळतात. तिन्ही गावं एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असल्यामुळे तिथे पोहोचल्यावर स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही.

पाणी गरम का

गावात विचारलंत तर देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताची गोष्ट ऐकायला मिळेल. ती जरूर ऐका. भूशास्त्र सांगतं ते असं: पावसाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जातं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जागृत ज्वालामुखीचा इथे काही संबंध नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत असे झरे ओळीने आहेत आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. खेडजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास असतं, त्यात थेट कोणी उतरूच शकत नाही. आपल्याकडचं त्या मानाने सौम्य, तरी अकलोलीत शेजारी शेजारी असलेल्या दोन कुंडांतही फरक जाणवतो. एकात लोक गळ्यापर्यंत बसलेले असतात आणि दुसऱ्याच्या काठावर पाय घालून लगेच बाहेर काढतात.

पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाच्या वायूचा. पाच मिनिटांनी नाकाला सवय होते, चांदीला होत नाही. पैंजण, जोडवी, चांदीची साखळी खोलीवरच काढून ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंचे पैंजण एका आंघोळीत असे काळे पडले, की त्यांनी सोनाराला फसवणुकीबद्दल फोन लावला होता. टूथपावडरने घासून निघाले.

कुंडात उतरायची रीत

घाई इथेच होते, आणि चक्कर येणं, डोकं दुखणं, रात्रभर तळमळणं या सगळ्या तक्रारी त्या घाईतून येतात.

पोहोचल्या पोहोचल्या उतरू नका. प्रवासाने अंग आंबलेलं असतं, पोटात पाणी नसतं. चहा घ्या, दोन पेले पाणी प्या, तासभर पडा. जेवण झालं असेल तर दीड-दोन तास जाऊ द्या. दारू घेऊन तर पाण्यात अजिबात जायचं नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो, त्यात दारूची भर पडली की माणूस पाण्यातच गळाठतो.

आधी साध्या पाण्याने, साबण लावून आंघोळ करा आणि साबण पूर्ण धुऊन टाका. तेल लावून कुंडात बसण्याची कल्पना ऐकायला छान वाटते, पण पुढच्या माणसाला तुमचं तेल भेटतं आणि पायऱ्या निसरड्या होतात. खोलीतल्या टाकीतही हाच नियम ठेवा.

मग तापमान बघा. 38 ते 40 अंश म्हणजे आरामाचं पाणी. 42 च्या वर निरोगी माणसानेही बसू नये. बाळाच्या आंघोळीचं पाणी मोजायचा थर्मामीटर मिळतो, तो सोबत असेल तर उत्तम. नसेल तर घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर न्या. त्याची धाव 42-43 अंशांपर्यंतच असते. आकड्याऐवजी ‘एच’ अक्षर दिसलं की समजा, थंड पाण्याचा नळ सोडायची वेळ झाली. पाणी आधी नीट ढवळून घ्या, कारण वरचा थर जास्त गरम असतो. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा. हाताचा पंजा रोजच्या कामाने निबर झालेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

उतरताना पायऱ्यांकडे लक्ष द्या. कुंडांच्या दगडी पायऱ्यांवर पाण्याच्या रेषेखाली हिरवट बुळबुळीत थर असतो, वरची पायरी कोरडी आणि खालची लोण्यासारखी. कठड्याला किंवा दगडाला धरून, तोंड काठाकडे करून, शिडी उतरतात तसं उतरा. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबा. तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसली तर त्या जागेवर बसू नका, तिथे पाणी सगळ्यात गरम असतं.

पहिल्यांदा फक्त दहा मिनिटं, पाणी छातीच्या खालपर्यंत. हृदयाच्या वर पाणी आलं की त्याच्यावरचा भार वाढतो, म्हणून गळ्यापर्यंत बुडून बसण्याची चढाओढ नको. दहा मिनिटांनी बाहेर या, पण झटक्यात उभे राहू नका. आधी काठावर बसा, पाय पाण्यात असू द्या, डोकं हलकं वाटत नाही ना बघा, मग उठा. अंग पुसून सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसा आणि पाणी किंवा लिंबू सरबत प्या, चिमूटभर मीठ घालून. मग हवं तर दुसरी बैठक, तीही पंधरा मिनिटांच्या आत. दिवसाकाठी दोन-तीन बैठका पुष्कळ झाल्या. ‘पैसे दिलेत तर वसूल करू’ म्हणून तासभर बसणारी मंडळी दुसऱ्या दिवशी पलंगावर असतात.

डोकं बुडवायचं नाही. ही सूचना मुलांसाठी तर दहादा सांगा. कोमट-गरम गोड्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. केरळात अलीकडे झालेल्या अशा आजारांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हे फार दुर्मिळ आहे आणि पाणी गिळल्याने होत नाही, नाकात गेल्याने होतं. म्हणून उड्या नकोत, बुडी नको, तोंडावर पाण्याचे हबके नकोत. मानेच्या खाली काय करायचं ते करा.

झोपेसाठी संध्याकाळची बैठक सगळ्यात चांगली. झोपायच्या तास-दोन तास आधी दहा मिनिटं बसा. बाहेर आल्यावर शरीर हळूहळू निवतं आणि त्या निवण्यातच डोळे मिटायला लागतात. पाण्यातून थेट पलंगावर गेलात तर उलट उकाडा होऊन झोप उडते.

कोणी उतरू नये

गरोदर बाईने नाही. हृदयाचा त्रास, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीच चौकशी करा, कारण गोळी आणि गरम पाणी दोन्ही दाब उतरवतात. उघडी जखम, गजकर्ण-नायटा किंवा ताप असेल तर सार्वजनिक कुंडात नाही. ‘गंधकाच्या पाण्याने त्वचारोग जातो’ असं लोक सांगतात, पण तुमच्या नायट्याची लागण शेजाऱ्याला व्हायची.

मधुमेहींनी विशेष जपावं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाणी पोळतंय हे कळतच नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. त्यांचं पाणी दुसऱ्याने तपासून द्यावं. सांधेदुखीला शेकाने आराम पडतो हे खरं, पण तो आराम आहे, उपचार नाही. गोळ्या बंद करून कुंडावर भरवसा टाकू नका.

मधल्या वेळात

शक्य तेवढं कमी करा. पहाटेची बैठक, नाश्ता, झोप, जेवण, पुन्हा झोप, संध्याकाळची बैठक. एवढ्यात दिवस जातो आणि जावा. पाय मोकळे करायला एक फेरी वज्रेश्वरीच्या देवळापर्यंत पुरे. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी देवीला नवस बोलला आणि 1739 साली वसई हाती आल्यावर देऊळ बांधवलं, असं सांगतात. देवळाभोवतीची तटबंदी आणि वरचा नगारखाना बघून किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून कुंडातून निघून थेट तिकडे जाऊ नका. गुडघे सैल पडलेले असतात.

गणेशपुरीला नित्यानंद बाबांच्या समाधी मंदिरात दहा मिनिटं नुसतं बसायला छान वाटतं, देवभोळे नसलात तरी. गावात परदेशी साधक दिसले तर दचकू नका. बाबांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे इथे ते कित्येक वर्षं येतात.

जेवण हलकं ठेवा: वरण-भात, पिठलं-भाकरी, ताक. परतताना अंबाडी-कुडूस बाजूला वाडा कोलम तांदूळ मिळतो. घ्यायचा तर ओळखीने घ्या, कारण नावावर काहीही खपवतात.

सामानात जुने सुती कपडे दोन जोड, पंचे, मागे पट्टा असलेल्या चपला, पाण्याची मोठी बाटली, मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं, टॉर्च, ओडोमॉस, आधार कार्ड आणि सुट्टे पैसे. मोबाईल खोलीवर राहू दे.

पनवेल, खारघरकडच्यांना ठाणे ओलांडणं जिवावर येत असेल तर पालीजवळचं उन्हेरे हा पर्याय आहे. बल्लाळेश्वराच्या पालीपासून ते अगदी जवळ आहे. राहण्याची सोय मात्र पालीतच बघावी लागते आणि चतुर्थी, त्यातही अंगारकी, कटाक्षाने टाळावी लागते. बाकी पाण्यात बसण्याचे नियम तेच.

निघायच्या दिवशी शेवटची बैठक गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. अंग सैलावलेलं असतं आणि अंबाडीपासून पुढे सगळे ट्रकच ट्रक. बाकीच्यांनी हवं तर सहाला दहा मिनिटं बसून घ्यावं, तोवर ड्रायव्हरने चहा प्यावा आणि सामान गाडीत टाकावं. सातच्या आत अंबाडी नाका मागे पडला तर ठाण्याची कचेरीही वेळेत गाठता येते.